कियोस्कच्या ब्राउझरमध्ये कोणतं प्लगइन, कोणत्या आवृत्तीचं: साइटवरून कसं मोजावं?

रामबागेतली (धागाकर्ती)

इंदूरहून चालणारं एक पोर्टल आहे. वापरणारे बहुतेक कियोस्क आणि ऑनलाइन सेंटरवाले: इंदूर, महू, देवास, धार, उज्जैन. पोर्टलवर तीन कामं होतात. डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनने अर्जावर सही, स्कॅनरवर बोटाचा ठसा, आणि पावतीची पीडीएफ पानातच उघडणं. सहीसाठी आमचंच क्रोम एक्स्टेंशन आहे आणि विंडोजवर बसवायचा एक छोटा हेल्पर (ब्राउझरबाहेर चालणारा मदतनीस प्रोग्रॅम). जुन्या हेल्परचा आधार बंद करायचा आहे, पण त्याआधी किती मशीनवर कोणती आवृत्ती आहे ते कळायला हवं.

जुन्या कोडमध्ये नॅव्हिगेटर.प्लगइन्स (ब्राउझर पानाला देतो ती प्लगइनची यादी) वाचून साठवणारा तुकडा आहे. तो सगळ्यांसाठी तीच पाच नावं देतो, पाचही पीडीएफची. मॅटोमोत (साइटच्या भेटी मोजणारं सॉफ्टवेअर) प्लगइनचा अहवाल दिसतो, पण त्यात फक्त आहे किंवा नाही एवढंच, आवृत्ती नाही. मग आज हे मोजायचं कसं? आणि आलेल्या आकड्यावर कितपत विसंबावं?

---

लोकमान्यनगरकर

ती पाच नावं आता एचटीएमएलच्या मानकातच ठरवून दिली आहेत: पीडीएफ व्ह्यूअर, क्रोम पीडीएफ व्ह्यूअर, क्रोमियम पीडीएफ व्ह्यूअर, मायक्रोसॉफ्ट एज पीडीएफ व्ह्यूअर आणि वेबकिट बिल्ट-इन पीडीएफ. ब्राउझर पानात पीडीएफ दाखवत असेल तर पाचही मिळतात, नसेल तर यादी रिकामी. फायरफॉक्समध्येसुद्धा क्रोमचं नाव दिसतं ते यामुळेच. म्हणजे ती यादी आता फक्त एका हो-नाहीचं उत्तर देते. तेच उत्तर नॅव्हिगेटर.पीडीएफव्ह्यूअरएनेबल्ड सरळ देतं (क्रोम ९४, फायरफॉक्स ९९, सफारी १६.४ पासून).

तुमच्या पावतीसाठी एवढं पुरेसं आहे. क्रोमच्या सेटिंगमध्ये 'पीडीएफ डाउनलोड करा' निवडलेलं असेल तर हे उत्तर 'नाही' येतं, आणि सेंटरवाले छपाईच्या सोयीसाठी ते सेटिंग हमखास निवडतात. 'नाही' आलं की पानातली चौकट दाखवूच नका, डाउनलोडचं बटण द्या.

यादी का आटली, तेही सांगतो, कारण जुने लेख वाचून लोक अजून तोच कोड शोधत बसतात. फ्लॅश, जावा, सिल्व्हरलाइट, क्विकटाइम हे सगळे एनपीएपीआयवर (प्लगइन ब्राउझरला जोडायची जुनी व्यवस्था) चालायचे. क्रोमने तो दरवाजा २०१५ मध्ये बंद केला: आवृत्ती ४२ मध्ये मुळातच बंद ठेवला आणि ४५ मध्ये काढूनच टाकला. फायरफॉक्सने २०१७ मध्ये आवृत्ती ५२ पासून फ्लॅश सोडून बाकी सगळे काढले. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून खुद्द फ्लॅश प्लेअरच मजकूर चालवायला नकार देऊ लागला.

दुसरं कारण खासगीपणाचं. ईएफएफ या संस्थेच्या पीटर एकर्सली यांनी २०१० मध्ये ४,७०,१६१ ब्राउझर तपासले. त्यांतले ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले. फ्लॅश किंवा जावा असलेल्यांत तर ९४.२ टक्के. ओळख पटवणाऱ्या माहितीत सगळ्यात मोठा वाटा प्लगइनच्या यादीचाच होता, १५.४ बिट (बिट जितके जास्त, ओळख तितकी नेमकी). कुकी न ठेवता माणूस ओळखायची सोय झाली होती ती. ब्राउझर बनवणाऱ्यांनी यादी गोठवली ती विचार करूनच.

---

छत्रीबाग

मॅटोमोच्या अहवालाबद्दल. तिथे जावा, फ्लॅश, सिल्व्हरलाइट, रिअलप्लेअर, क्विकटाइम, विंडोज मीडिया, पीडीएफ आणि कुकी यांचे रकाने आहेत, आणि प्रत्येकात एक किंवा शून्य. आजच्या ब्राउझरवर पीडीएफ आणि कुकी सोडून बाकी सगळं शून्यच येणार. त्या अहवालावरून काही ठरवू नका. जुन्या गूगल ॲनालिटिक्समध्ये फ्लॅशची आवृत्ती दिसायची, पण त्या व्यवस्थेने १ जुलै २०२३ पासून नवा डेटा घेणंच थांबवलं.

आता मुद्द्याचं. ताई, तुमचं एक्स्टेंशन तुमचंच आहे, म्हणून त्याची आवृत्ती विचारायला राजमार्ग आहे. मॅनिफेस्टमध्ये (एक्स्टेंशनची माहिती देणारी फाइल) एक्स्टर्नली-कनेक्टेबल या नोंदीखाली पोर्टलचं डोमेन लिहा. मग पान क्रोम.रनटाइम.सेंडमेसेज वापरून एक्स्टेंशनच्या आयडीवर 'आवृत्ती सांग' असा निरोप पाठवू शकतं. एक्स्टेंशन गेटमॅनिफेस्टमधून स्वतःची आवृत्ती काढतं, हेल्परला नेटिव्ह मेसेजिंगने (एक्स्टेंशनने मशीनवरच्या प्रोग्रॅमला निरोप पाठवायची सोय) त्याची आवृत्ती विचारतं आणि दोन्ही मिळून परत देतं.

यात अडकायच्या जागा बऱ्याच आहेत.

एक. पानाच्या डोमेनला ओळखणारं एकही एक्स्टेंशन नसेल तर पानात क्रोम.रनटाइम हे अस्तित्वातच नसतं. आधी तपासलं नाही तर स्क्रिप्ट तिथेच मोडते, नोंद सर्व्हरपर्यंत पोचत नाही, आणि ज्यांच्याकडे एक्स्टेंशन नाही नेमके तेच मोजणीतून गळतात. अहवालात मग सगळीकडे एक्स्टेंशन बसवलेलंच दिसतं.

दोन. मॅनिफेस्ट ३ मध्ये (एक्स्टेंशन बनवायची आत्ताची पद्धत) एक्स्टेंशनचा सर्व्हिस वर्कर, म्हणजे पडद्यामागे चालणारी स्क्रिप्ट, ३० सेकंद काम नसलं की झोपतो. पहिल्या निरोपाने तो उठतो, मग हेल्परची प्रक्रिया सुरू होते. जुनी हार्ड डिस्क आणि जागरूक अँटिव्हायरस असलेल्या मशीनवर याला सहज दोन-तीन सेकंद लागतात. एका सेकंदाचा टाइमआउट लावलात तर संथ मशीन 'हेल्पर नाही' म्हणून मोजली जातील. पाच सेकंद ठेवा.

तीन. नेटिव्ह मेसेज एकेकटा पाठवायच्या पद्धतीत प्रत्येक वेळी हेल्परची नवी प्रक्रिया उघडते. प्रत्येक पानावर आवृत्ती विचारत बसू नका. लॉगिननंतर एकदा, आणि सहीच्या पानावर एकदा.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: उत्तरं तीन ठेवा. 'आहे, आवृत्ती अमुक', 'नाही', आणि 'उत्तर आलं नाही'. तिसरं दुसऱ्यात कधीही मिसळू नका. 'होस्ट (म्हणजे हेल्पर) सापडला नाही' अशी स्पष्ट त्रुटी आली तरच 'नाही'.

---

रामबागेतली

बसवलेल्या जुन्या एक्स्टेंशनला 'आवृत्ती सांग' हा निरोप समजतच नाही. त्यांची मोजणी कशी करायची? मला त्यांचीच संख्या हवी आहे.

---

छत्रीबाग

सही सर्व्हरवर पोचते ना, तिथे मोजा. नव्या हेल्परकडून सहीसोबत आवृत्तीचा रकाना पाठवा. ज्या सहीत तो रकाना नाही, ती जुन्या हेल्परची. पानातला कोड बदलायची गरज नाही, टाइमआउट नाही, अंदाजही नाही, कारण सही आली म्हणजे त्या मशीनवर हेल्पर चालतो हे सिद्धच झालं. पानावरची चाचणी पूरक ठेवा. ज्यांची सही पोचतच नाही त्यांच्यासाठी.

---

पलासिया_पूर्व

छत्रीबाग यांच्याशी सहमत. त्यात भर: जुन्या आवृत्तीवर मशीन अडकून का राहतात तेही बघा, नाहीतर आकडा कळेल पण खाली येणार नाही.

विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, जानेवारी २०२३ ची. आपल्याकडच्या सेंटरांत अशी मशीन अजून आहेत, छपाई आणि स्कॅनरचे ड्रायव्हर बसलेले असतात म्हणून कुणी हात लावत नाही. तुम्ही नव्या एक्स्टेंशनच्या मॅनिफेस्टमध्ये किमान क्रोम आवृत्ती १०९ च्या वर लिहिलीत, तर त्या मशीनना अपडेट मिळतच नाही. जुनं एक्स्टेंशन तसंच चालू राहतं, कुठलीही सूचना न देता. आणि जुन्या एक्स्टेंशनबरोबर जुना हेल्पर.

दुसरं कारण विंडोजचे युजर. हेल्परचा इन्स्टॉलर नेटिव्ह मेसेजिंगची नोंद रजिस्ट्रीत चालू युजरखाली करतो की पूर्ण मशीनखाली? ॲडमिनच्या लॉगिनमधून बसवला आणि नोंद चालू युजरखाली गेली, तर कियोस्कच्या रोजच्या युजरला हेल्पर 'नाही' दिसतो. फाइल डिस्कवर असते, सेंटरवाला शपथेवर सांगतो की बसवलाय, आणि दोघंही खरं बोलत असतात.

तिसरं एज. एजच्या स्वतःच्या स्टोअरवर टाकलेल्या एक्स्टेंशनचा आयडी वेगळा असतो. हेल्परच्या मॅनिफेस्टमध्ये अलाउड-ओरिजिन्स या परवानगीच्या यादीत दोन्ही आयडी हवेत, आणि प्रत्येकाच्या शेवटी तिरपी रेघ हवी. ती रेघ राहिली तर जोडणी नाकारली जाते. पानानेही दोन्ही आयडीवर विचारायला हवं.

---

सुपरकॉरिडॉर

ब्राउझरची आवृत्ती तरी यूजर एजंटवरून (ब्राउझर स्वतःची ओळख म्हणून पाठवतो ती ओळ) काढा असं कुणी सुचवायच्या आत: तिथेही पूर्वीसारखं काही राहिलेलं नाही. क्रोम १०१ पासून मुख्य आकड्यानंतर शून्यं असतात, १०१.०.०.० असं. विंडोज १० आणि ११ दोन्ही 'एनटी १०.०' म्हणून येतात. मॅकचा आकडा १०.१५.७ वर गोठलेला आहे.

नेमकं हवं असेल तर क्लायंट हिंट्स, म्हणजे सर्व्हरने मागितल्यावर ब्राउझर देतो ती माहिती. सर्व्हरने ॲक्सेप्ट-सीएच हेडरमध्ये फुल-व्हर्जन-लिस्ट आणि प्लॅटफॉर्म-व्हर्जन मागायचं. हे एचटीटीपीएसवरच चालतं. पहिल्या विनंतीत हिंट येत नाहीत, पुढच्या विनंतीपासून येतात, म्हणून पहिल्या पानाच्या लॉगमध्ये रकाना रिकामा दिसला तर घाबरू नका. पानातून हवं असेल तर यूजरएजंटडेटावर गेट-हाय-एन्ट्रॉपी-व्हॅल्यूज. फायरफॉक्स आणि सफारी हे देत नाहीत, त्यांचा 'माहीत नाही' गट वेगळा ठेवा.

विंडोजवर प्लॅटफॉर्म-व्हर्जनचा पहिला आकडा १३ किंवा त्याहून मोठा असेल तर विंडोज ११. एक ते दहाच्या दरम्यान असेल तर १०. '०.१' म्हणजे विंडोज ७, '०.२' म्हणजे ८, '०.३' म्हणजे ८.१. पलासिया_पूर्व म्हणतात ती अडकलेली मशीन इथे बरोबर सापडतील.

एक सापळा: ब्रँडच्या यादीत एक मुद्दाम घातलेलं खोटं नाव असतं, 'नॉट ए ब्रँड' सारखं, आणि त्याची आवृत्तीही खोटी असते. क्रमही बदलता असतो. यादीतला पहिला घटक उचलणारा कोड कधी खरा ब्राउझर मोजतो, कधी तो बनावट. नावाने शोधा: गूगल क्रोम, मायक्रोसॉफ्ट एज, आणि काहीच नसेल तर क्रोमियम.

---

नवलखा

बोटाच्या स्कॅनरबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. आधारच्या नोंदणीकृत उपकरणांसाठी प्रत्येक कंपनीची आरडी (रजिस्टर्ड डिव्हाइस) सर्व्हिस, म्हणजे स्कॅनर सांभाळणारा प्रोग्रॅम, मशीनवर चालते. पानाने १२७.०.०.१ वर (म्हणजे त्याच मशीनवर) १११०० ते १११२० या पोर्टांवर तिला शोधायचं असतं. विनंतीची पद्धत गेट किंवा पोस्ट नाही, आरडीसर्व्हिस हीच पद्धत, सगळी मोठी अक्षरं. उत्तरात एक्सएमएल येतं: स्थिती रेडी, यूज्ड किंवा नॉटरेडी, आणि पुढच्या विनंत्यांचे पथ. मग डिव्हाइसइन्फो पद्धतीने त्या पथावर विचारलं की आरडीएसव्हर या नावाने आवृत्ती मिळते.

पथ कोडमध्ये पक्का लिहू नका. कंपनीगणिक तो वेगळा असतो, पहिल्या उत्तरातूनच उचला. आणि नॉटरेडी म्हणजे सर्व्हिस नाही असं नव्हे. स्कॅनरची वायर निघाली असली तरी सर्व्हिस नॉटरेडी सांगते. आवृत्तीच्या मोजणीत ती धरायलाच हवी, ठशाच्या कामात धरायची नाही.

एकामागून एक २१ पोर्ट तपासत बसाल तर वेळ जाईल. सापडलेला पोर्ट लोकलस्टोरेजमध्ये (साइटसाठी ब्राउझरमध्ये असलेला साठा) ठेवा आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करा. दोन कंपन्यांचे स्कॅनर असलेल्या मशीनवर दोन सर्व्हिस सापडतात, पहिलीवर थांबू नका.

क्रोम १४२ पासून पान मशीनवरच्या सर्व्हिसशी बोलू लागलं की परवानगीची खिडकी येते. सेंटरवाल्याने 'ब्लॉक' दाबलं तर तुम्हाला सर्व्हिस नाही असंच दिसेल. म्हणून ही तपासणी पान उघडताक्षणी करू नका. 'स्कॅनर तपासा' असं बटण द्या, शेजारी एका ओळीत कारण लिहा, मग विचारा.

---

लोकमान्यनगरकर

नवलखा यांनी सांगितलेली डिव्हाइसइन्फो वाचताना जपून. त्या उत्तरात डीसी हा त्या एका उपकरणाचा स्वतःचा कोड असतो आणि एमसी हे त्याचं प्रमाणपत्र. आवृत्ती मोजायला दोन्ही लागत नाहीत. अख्खं एक्सएमएल जसंच्या तसं लॉगमध्ये टाकणं ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात वाईट पद्धत. आरडीएसव्हर, मॉडेल आणि स्थिती एवढंच काढून घ्या, बाकी पानातच सोडून द्या.

आणि बटणाच्या मागे तपासणी ठेवण्याचा सल्ला मी क्रोमच्या खिडकीशिवायही देईन. २०२० मध्ये ईबे या खरेदी-विक्रीच्या साइटचं पान विंडोजवरच्या ग्राहकांच्या मशीनवरचे पोर्ट गुपचूप तपासतं हे उघडकीला आलं तेव्हा फसवणूक रोखण्याचं कारण असूनही लोकांना ते पटलं नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही हेतू सांगून संमती घेण्यावरच भर आहे.

---

सुपरकॉरिडॉर

थोडा मतभेद. बटण ठेवलं तर जे दाबतील तेच मोजले जातील. अडचण आलेलेच दाबतात, म्हणजे आकडा बिघडलेल्यांकडे झुकणार.

---

नवलखा

अनोळखी लोकांच्या साइटवर तुमचं म्हणणं खरं. इथे ठसा घेतल्याशिवाय काम पुढे जातच नाही, त्यामुळे बटण प्रत्येकाला दाबावंच लागतं. तपासणी त्याच बटणाला जोडली की झुकाव उरत नाही. ज्यांना ठशाचं काम नाही त्यांच्या आरडी सर्व्हिसची आवृत्ती तुम्हाला हवीच कशाला?

---

सुपरकॉरिडॉर

हे मान्य. ठशाच्या पानापुरतं पटलं.

---

रामबागेतली

आता एककाचा प्रश्न. लॉगमध्ये तर विनंत्या मोजल्या जातात. मशीन कशी मोजायची? लोकलस्टोरेजमध्ये यादृच्छिक आयडी ठेवायचा विचार आहे.

---

छत्रीबाग

तो पुरणार नाही. सेंटरवाले ब्राउझरचा डेटा साफ करतात, आणि काही ठिकाणी रीबूट झालं की मशीन मूळ स्थितीत परत आणणारं सॉफ्टवेअर असतं. एक मशीन रोज नवं दिसेल आणि जुन्या आवृत्तीची मशीन हवी तितकी फुगतील. हेल्पर बसवताना त्यानेच आयडी तयार करून डिस्कवर ठेवला तर बरं. पण तिथेही बघा: सेंटरमध्ये एक मशीन तयार करून त्याची प्रतिमा (डिस्कची हुबेहूब प्रत) बाकी सगळ्यांवर चढवतात. मग दहाही मशीनचा आयडी एकच. एकाच आयडीवरून एकाच मिनिटात दोन वेगवेगळी सत्रं दिसली की ती प्रतिमा समजा आणि तो आयडी मशीनच्या मोजणीतून बाजूला काढा.

मला विचाराल तर मशीनचा हट्ट सोडा. तुमच्याकडे येणारे अनोळखी नाहीत, प्रत्येक जण कियोस्कच्या लॉगिनने येतो. तक्ता असा करा: कियोस्क क्रमांक, घटक (एक्स्टेंशन, हेल्पर, आरडी सर्व्हिस, ब्राउझर), आवृत्ती, स्थिती, पहिल्यांदा दिसला, शेवटचा दिसला. कियोस्क, घटक आणि आवृत्ती यांची एकच ओळ, पुन्हा दिसली की फक्त शेवटची तारीख बदलायची. आयपी नको, पूर्ण यूजर एजंट नको, तक्ता वर्षभरातही आटोपशीर राहतो. जुना हेल्पर ज्यांच्याकडे अजून दिसतो त्या कियोस्कची यादी थेट हाताशी येते, आणि तुम्हाला करायचं तेच आहे: त्यांना फोन करून नवा बसवून घेणं.

---

पलासिया_पूर्व

दोन टक्केवाऱ्या काढा, कियोस्कची आणि सह्यांची. समजा १०० कियोस्कपैकी ८ जणांकडे जुना हेल्पर आहे, पण ते आठही मोठ्या सेंटरचे आहेत आणि सह्यांपैकी ३० टक्के त्यांच्याकडून येतात. फक्त पहिला आकडा पाहून बंद केलंत तर जवळजवळ एक तृतीयांश काम थांबेल. उलटही होतं.

काळ किमान एक पूर्ण महिना. महिनाअखेर आणि प्रवेशाच्या दिवसांत एरवी बंद असलेली मशीनही उघडतात, आणि नेमकी तीच जुनी असतात.

---

सुपरकॉरिडॉर

आवृत्त्यांची तुलना अक्षरांप्रमाणे करू नका. '२.९' आणि '२.१०' यांत मजकूर म्हणून २.९ मोठं ठरतं, आणि नवा हेल्पर जुन्यात मोजला जातो. बिंदूवर तोडा, प्रत्येक भाग संख्या म्हणून साठवा, चार पूर्णांक रकाने. जो भाग नाही तिथे शून्य.

नोंद पाठवायला सेंडबीकन वापरा, पान बंद होतानाही ती जाते. मर्यादा ६४ केबी, तुम्हाला त्यातलं काही शेकडा बाइटच लागेल. पत्त्यात ॲनालिटिक्स, ट्रॅक असे शब्द ठेवू नका, जाहिरात रोखणारी एक्स्टेंशन त्यावरूनच अडवतात. लॉगिननंतरच्या पानांच्या सर्व्हर लॉगमधली सत्रं आणि आलेल्या नोंदी रोज शेजारी मांडा. फरक अचानक वाढला तर मोजणीची स्क्रिप्ट कुठेतरी मोडतेय.

---

रामबागेतली

ठरलं ते असं. हेल्परची आवृत्ती सहीसोबत सर्व्हरवर येईल, रकाना नसलेली सही जुनी. एक्स्टेंशनची चाचणी लॉगिननंतर एकदा, पाच सेकंद, तीन उत्तरं. आरडी सर्व्हिस ठशाच्या बटणाला जोडून. नॅव्हिगेटर.प्लगइन्सचा तुकडा आणि त्याचा जुना साठा दोन्ही काढून टाकते. नव्या एक्स्टेंशनमध्ये किमान क्रोम १०९ चालेल का, की विंडोज ७ साठी वेगळं ठेवावं?

---

पलासिया_पूर्व

१०९ लिहा. मॅनिफेस्ट ३ त्यावर चालतं, क्रोम ८८ पासून आहे. नंतरच्या आवृत्त्यांत आलेली काही सोय वापरली असेल तर ती आहे का हे आधी तपासून मगच हाक मारा. फक्त एका मशीनवर प्रत्यक्ष विंडोज ७ टाकून टोकनचा ड्रायव्हर आणि सही शेवटपर्यंत तपासा. हेल्पर नव्या कंपायलरने बांधला असेल तर तो विंडोज ७ वर उघडेलच असं नाही. गोची ब्राउझरमध्ये नसून तिथेच निघाली, तर त्या कियोस्कना तुमच्या तक्त्यात 'उत्तर आलं नाही' असं दिसेल, 'नाही' असं नव्हे.